ऐनवेळचा विषय

शाखेची बैठक महिन्याच्या पहिल्या मंगळवारी,
ऱ्होंडा खोऱ्यात, खाणकामगारांच्या जुन्या क्लबात, माडीवर.
खाण बंद होऊन माझं अर्धं आयुष्य उलटलं,
भिंतीवरचा बावटा अजून झटकून ठेवतो आम्ही.

विषय एक: मागील इतिवृत्त कायम करणे.
विषय दोन: पक्षाच्या चिन्हातला लाल नेमका किती लाल असावा.
त्यावर सव्वा तास.
एम्लिन उठला, बसला, पुन्हा उठला.
विषय तीन: राजधानीत कोण कुणाला काय म्हणालं
आणि त्याचा निषेध करायचा की तीव्र निषेध.
मी तीव्रच्या बाजूनं हात वर केला,
खोटं कशाला बोलू.

खिशात मात्र एक पत्रक होतं.
आमचंच, गुळगुळीत, "नवी पहाट" वगैरे.
शनिवारी आयर्लिस प्रॉसरच्या दारात गेलो तेव्हाचं.
आत ये, म्हणाली, दार लोट, ऊब जाते.
ऊब फारशी नव्हतीच.
ती कोट घालून बसली होती स्वयंपाकघरात,
जिन्याखालच्या मीटरवर एक डोळा ठेवून.
आधी पैसे भरा, मग वीज, तसला मीटर.
उरले होते एक पौंड चाळीस.
किटलीत तिनं मोजून दोन कप पाणी ओतलं.
त्यातला एक माझा,
हे ध्यानात येईस्तोवर मी चहा पिऊन बसलो होतो.

रात्रपाळीला ती म्हाताऱ्यांची उठबस करते, पलीकडच्या गावात.
सातनंतरची बस बंद झाली.
कुणी केली ते ती बोलली नाही.
काउन्सिल आमचंच आहे.
टॅक्सीला अकरा पौंड, तासाची मजुरी बारा.
"म्हणजे पहिला तास मी टॅक्सीवाल्यासाठी राबते,"
आणि हसली,
शेजारणीचं गाऱ्हाणं सांगावं तशी.

मग पत्रकाच्या समासात पेन्सिलीनं लिहीत गेली,
मोकळी जागा आम्ही ठेवलीच नव्हती.
टॅक्सी. मीटर. लोणी, ते खोडून मार्गारिन.
नातवाचे बूट, पुढे प्रश्नचिन्ह.
बेरीज थेट पहाटेवरून गेली.

"गुरुवारी ते दुसरे येऊन गेले," म्हणाली.
"भलतंच बोलतात. माझ्याबरोबर पाळीला झिंबाब्वेची एक आहे,
तिला परत धाडा म्हणतात.
पण बसचं विचारलं त्यांनी.
तुमच्याआधी."

साडेनऊला मी ते पत्रक टेबलावर उलगडलं.
अध्यक्षांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.
वाईट माणूस नाही तो,
त्याचाही बाप फुफ्फुसं खाणीत ठेवून घरी आला होता.
म्हणाला, हे कोणत्या विषयाखाली घ्यायचं?
एम्लिन म्हणाला, लोणी हे काय धोरण आहे?

मी म्हटलं, बावटा वाचा.
रोज झटकता, एकदा वाचा.
संपाच्या साली बायकांनी रेशमानं काय शिवलंय त्यावर?
पाव. आठ तास. आंघोळीला गरम पाणी.
एवढंच.
एवढ्यावर उभे राहिलो होतो आपण,
लाल रंग मागाहून आला.

कुणी काही बोललं नाही.
चिटणीस बाईंनी लिहून घेतलं:
अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळी आलेला विषय, बस.
चर्चा झाली.
झाली नव्हती.

पावणेदहाला क्लबचे दिवे घालवतात,
बिल झेपत नाही.
अंधारात कठडा चाचपत उतरताना
एम्लिननं विचारलं, अकरा? एका फेरीचे?
एका फेरीचे.

खालच्या पायरीवर तो थांबला.
मोजत असावा.