चव्वेचाळीस मिलिमीटर

ऑस्ट्रावाच्या वेशीबाहेर, बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीला लागून
आमची चाचणीशाळा.
सकाळी सातला मी भट्टीतून माती काढते.
मूर्तिकार वापरतात तसली, तेलकट, करडी,
अंगात कणकण असावी इतपत कोमट.
गार पडली की खोटं बोलते.

चौकटीत थापते, तळहाताने सपाट करते,
वर नवं चिलखत बांधते.
या खेपेचं बायकांच्या मापाचं, छातीशी गोलाई दिलेलं,
शिवण अजून खरखरीत,
आतल्या पट्टीवर धुण्याच्या सूचना.
काचेपलीकडून रादोवान विचारतो, "झालं?"
"झालं."

आवाजाची सवय होते.
मग बंद सोडायचे
आणि मातीतल्या खळग्यात मोजपट्टी घालायची.
चव्वेचाळीसपर्यंत चालतं.
तेवढी आत गेलेली छाती
कागदोपत्री सुखरूप.
आज एकेचाळीस. शिक्का.

एक गोष्ट मी नवख्यांना सांगत नाही:
जे पास होतं ते चाळण होऊन भंगारात जातं.
जे अंगावर चढतं
त्याच्यावर कुणी कधी गोळी झाडलेलीच नसते.

माझी ब्लांका पोलिसात आहे, दुसरं वर्ष.
नाताळला आली तेव्हा कुरकुरत होती,
फार उकडतं गं त्यात, खांद्याला काचतं.
कुठल्या खेपेचं, ते मी विचारलं नाही.
नुसती जवळ घेतली
तर हात जरा जास्तच दाबला गेला;
बोटांना खोडच लागलीय,
किती आत जातं ते बघायची.

संध्याकाळी खळगे बुजवते, त्याच मातीने.
उद्या पुन्हा तीच छाती.