चेन

मुरार तुपे गेला, हे मला नाना पेठेत कळलं,
गास्केट घ्यायला आलेल्या पोराकडून,
सुट्टे पैसे मोजता मोजता.

संध्याकाळी सगळे माझ्याच गॅरेजवर जमले.
कुणी बोलावलं नव्हतं.
टायरांवर बसले, उलट्या बादलीवर बसले,
आणि भांडायला लागले.

शिंत्रे म्हणाला, गाडी लाल.
कॅम्पातला ऑस्वाल्ड म्हणाला, निळी. देवाशपथ निळी.
लाल फक्त टाकी, तीही उसनी.
येझदीचं इंजिन, यावर मात्र एकमत,
आणि आवाज फुरसुंगीहून हडपसरला ऐकू यायचा, यावरही.
बारा हजार माणूस होतं म्हणे त्या दिवशी माळावर.
नव्हतं. मी पाहिलंय.
पुढचा दिसेनासा झाला की मागचा
माणसं मोजत बसतो.

कुणीतरी नव्या पोराला समजावत होतं:
त्या गाडीला ब्रेक नसतो.
थांबायचं असेल तर वळायचं,
आणि वळायचं ते डावीकडेच,
पाय जमिनीला घासत.
म्हणून डाव्या बुटाला लोखंडी तळवा.
मुरारचा तळवा तांबट आळीत ठोकलेला.
म्हातारा तांबट सांगायचा,
जन्मभर बंब केले, घंगाळं केली,
माणसाच्या पायाला कल्हई पहिल्यांदाच.

शेवंतावहिनींची तक्रार वेगळी.
मंडईला जातानाही हा उजवीकडे वळत नाही,
तीन वेळा डावीकडे वळून
पालेभाजी आणतो,
तोवर ती सुकते.

सगळे हसले. मीही.

त्यांनी त्याचा चेहरा पाहिला, हार घातलेला,
चिखलात फक्त दात पांढरे.
मी पाठ पाहिली.
नऊ वर्षं.
पाठीवरचा सात आकडा वहिनींनी शिवलेला,
खालचा टाका उसवलेला,
वाऱ्यावर तो आकडा जीभ दाखवायचा मला.
त्याच्या मागच्या चाकाची माती मी खाल्ली आहे.
फुरसुंगीची खारट.
खडकीची जळक्या तेलाची.
डोळे बांधून चारा, अजून सांगेन.

मग ऑस्वाल्डनं काढलंच.
"तू जिंकलास ती रेस. त्याची चेन सुटली होती ना?"
हो, म्हटलं. चेन.

शेवटचं वळण. धुळीत सात आकडा.
माझं पुढचं चाक त्याच्या मागच्याला लागलं.
लागलं की लावलं,
हे मी छत्तीस वर्षं ठरवतोय.
तो गवताच्या गंजीत, गाडी त्याच्या अंगावर,
आणि माझ्यासमोर पहिल्यांदाच
मोकळा रस्ता.
इतका मोकळा, की कुठे बघावं कळेना.

त्याच रात्री तो इथे आला होता.
उजवा हात गळ्यात बांधलेला,
गाडी टेम्पोतून उतरवलेली.
पंच काय, पेपरवाले काय,
सगळ्यांना त्यानं आधीच सांगून टाकलं होतं.
मला म्हणाला,
"चेन ढिली झालीय रे. बघ जरा."

मी बसलो. बोट लावलं.
एकतारीच्या तारेसारखी ताठ.
वर बघितलं तर तो
भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता,
एकादशी कधी आहे वगैरे.

मी पाना घेतला
आणि हवेतच अर्धा फेरा फिरवला.
"झाली," म्हणालो.
"किती?"
"पाच रुपये."
डाव्या हातानं त्यानं खिसा चाचपला, दिले.
मी घेतले.

शिंत्रे अजून लाल म्हणत होता.
नवा पोरगा विचारत होता, मग तो हरला कधी?
दहाच्या सुमारास सगळे उठले,
मी शटर ओढलं, कुलूप दोनदा ओढून पाहिलं.

रामोशी गेटपाशी माझं घर उजवीकडे.
मी डावीकडे वळलो.
मग पुन्हा डावीकडे, बंद दुकानांच्या कडेनं,
डावा पाय जरा घासतच.

तिसऱ्या वळणावर पंक्चरवाल्यानं विचारलं,
"काका, काही पडलंय का तुमचं?"