दिवस बुडायच्या आत

रत्नप्रभाताई घड्याळ बघत नाहीत.
पलीकडे सांगलीवाडीच्या झाडांवर
ऊन किती बोटं उरलंय ते बघतात
आणि डब्याचं झाकण काढतात.
"चला, चला. दिवस बुडायच्या आत."

नियम त्यांच्या घरचा,
पंधरा वर्षांत आमच्याही पोटाचा झालाय.
रविवारी साडेपाचला भूक लागते
ती नदीकाठच्या बागेतल्या याच बाकावर,
ज्याच्या डुगडुगत्या पायाखाली भूपालअण्णा
दर वेळी फरशीचा तोच तुकडा सरकवतात.

शमशाद मिरजेहून येते,
बोटांना लाखेचा वास, ओढणीला भोपळ्याचा भुसा.
तिच्या घरी सतारी होतात.
रमजानात तिचं उलटं,
दिवस बुडाल्याशिवाय घोट नाही.
त्या महिन्यात आम्ही बाकीचे
उजेडात ताईंबरोबर धपाटे खातो,
अंधारात शमशादबरोबर खजूर, भजी, परत धपाटे.
आमचे हे याला सर्वधर्मसमभाव म्हणतात
आणि सोमवारी ओवा चावतात.

आज मात्र साधा, माघातला रविवार.
कृष्णा खाली, घाटाच्या शेवटच्या पायरीशी,
रवंथ करत बसल्यासारखी.
पलीकडून कुणीतरी हाक मारली.
कुणाला, ते कळलं नाही.
भूपालअण्णांनी तरी "ओ" दिली.

आदूला दिव्याच्या खांबावरची लाल रेघ दिसली.
बाकावर चढला. हात पोचेना.
बापाच्या खांद्यावर बसला, तरी वीतभर कमीच.
"म्हणजे आपण आत्ता पाण्याखाली बसलोय?"
"व्हय," अण्णा म्हणाले, "गप जेव. मासे बघाय लागलेत."

हसलो. मग जरा वेळ कुणी काही बोललं नाही.

त्या ऑगस्टात आम्ही अकराजण
नऊ दिवस शमशादकडे होतो.
वर तारा न लावलेल्या सतारी टांगलेल्या,
खाली आमच्या गाद्या.
पोरांना सांगितलेलं, हात लावायचा नाही.
रात्री मीच एकीवर टिचकी मारून पाहिली.
पोकळ, लाकडी आवाज,
रिकाम्या घराचं दार कुणी वाजवावं तसा.
शमशाद अंधारात म्हणाली, "झोप की गं."

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.
तिनंही नाही.

आदूनं विटेच्या खापरीनं
खांबावर स्वतःची रेघ मारली, टाचा उचलून.
अण्णांनी डोक्यावर तळवा ठेवून
टाचा खाली टेकवल्या.
रेघ पुन्हा मारली.

ताईंनी चूळ भरली. झाडांमागं
ऊन एक बोट, अर्धं, मग नुसता रंग.
वॉचमननं शिट्टी मारली.
शमशादनं उठून त्याला मूठभर भडंग दिलं,
बिनलसणाचं, ताईंच्या हातचं.
दुसरी शिट्टी
बऱ्याच उशिरानं झाली.