चक्री धरणारी

हिंगण्याच्या पुढे जी खदान बंद पडली
तिथे आम्ही रविवारी जायचो, डिसेंबरात,
ऊन चढायच्या आत.
वीस मीटर काळा दगड,
सुरुंगाच्या भोकांच्या उभ्या, अर्ध्या कापलेल्या पन्हळी,
एका अंगाला साचलेलं पाणी, त्यात म्हशी.
वर सुगत. खाली मी. मधे दोर.

बघणारे वरच बघतात.
फोटोत मी नसते, असलीच तर
खालच्या कोपऱ्यात हेल्मेटचा तुकडा.
त्याचं मला काही नाही. लहानपणापासून
मी चक्री धरणारी.
संक्रांतीला गच्चीवर पतंग दादाचा,
‘ओ काट’ दादाच्या गळ्यातून,
आणि माझ्या तळहातांत गरगरणारी चक्री.
ढील म्हटलं की ढील.
लपेट म्हटलं की लपेट.
चक्री सुटली तर दादा काय म्हणायचा
ते इथे लिहिता येत नाही.

त्या दिवशी काठावर शेळ्या आल्या होत्या.
राखणारं पोरगं लांब, मोबाइलमध्ये.
एक शेळी कडेच्या तरवडाकडे वाकली, तिचा खूर घसरला.
हे सगळं नंतर लोचनाने सांगितलं.
मी फक्त ऐकलं, “दगड!”

आणि वर पाहिलं.

ढोबळे सरांनी शंभरदा सांगितलेलं,
वर पाहायचं नाही,
भिंतीला चिकटायचं, खांदे आक्रसायचे.
पण नाव घेऊन हाक मारली की माणूस बघतोच
आणि त्या क्षणी दगड हे माझंच नाव होतं.

केवढा होता, विचारतात.
लोचना म्हणते संत्र्याएवढा. नागपूरची आहे, तिचं मापच ते.
मला तो कशाएवढाच आठवत नाही.
आवाज आठवतो,
फळीवर बत्ता आपटल्यासारखा,
आणि फळी मी.

हासळीचं हाड, डावीकडचं.
डावीकडचं.
मेडिकलच्या वॉर्डात पंख्याकडे बघत
मी या एका शब्दावर रात्री काढल्या.
उजव्या हातात दोराची खालची बाजू होती.

सुगतला काही कळलं नाही.
त्याच्यासमोर एक चांगली पकड होती.
“ढील दे ना बे!”

मी ढील दिली नाही.
केलं म्हणाल तर एवढंच केलं.
श्वास अर्धा आत अडकलेला, आवाज फुटेना,
दोर मांडीशी दाबलेला.
तो हात माझा होता असं म्हणवत नाही,
तो गच्चीवरून आलेला, नऊ वर्षांचा,
शिव्यांना घाबरणारा हात होता.

“काऊन, झोपली का बे?”

लोचना धावत आली.
माझ्या मुठीखाली दोराला गाठ मारली,
मग माझी बोटं उघडली, एकेक.
करंगळी शेवटी.

संक्रांतीला हात झोळीत.
चक्रीला दोन हात लागतात.
दादाने काही न बोलता चक्री स्वतः घेतली,
मांजा माझ्या उजव्या हातात दिला.
चाळिशीचा माणूस, चक्री धरता येत नव्हती त्याला.
दोन मिनिटांत पतंग कटला, समोरच्या कडुलिंबावर गेला.
आम्ही दोघं वर बघत राहिलो.
तिथे वर बघायला हरकत नव्हती.

मेमध्ये कोण जातं खदानीत. पुढच्या हिवाळ्यात गेलो.
सुगतने नवं यंत्र आणलंय,
हात सुटला तरी दोर पकडणारं.
चांगलं आहे. मी वापरते.
हात सोडत नाही.

आधी काठावर जाऊन येते. शेळ्या असल्या तर
पोराला बिस्किटाचा पुडा देते, म्हणते, पलीकडे ने बाबा.
मग खाली, त्याच्या रेषेतून दोन पावलं बाजूला,
जिथे दगडाचा छज्जा पुढे आलाय तिथे
पायाने माती सपाट करते.
सुगत कंटाळतो, खडू हातावर चोळत उभा राहतो.
राहू दे.
हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली ओढते, त्याचाही बघते,
गाठ बघते, परत बघते.
मग म्हणते,
चढ.