रकाना नंबर सात

चौकशीच्या फॉर्मात सात नंबरला
'घटनेचे कारण' असा रकाना असतो,
दोन बोटं रुंद.
मी त्यात लिहिलं: झोपण्याच्या जागेवरून वाद.
सही केली, शिक्का मारला.
सांगलीच्या जेलात एकोणतीस वर्षं हवालदार होतो मी,
मावेल तेवढंच लिहायची हाताला सवय.

मावलं नाही ते असं.

बराक चोवीस माणसांची. त्या रात्री एकसष्ट.
पंखे दोन, त्यातला एक नुसता आवाजाचा.
कुणाला कूस बदलायची तर
त्यानं शेजारच्याला सांगायचं, शेजारच्यानं पलीकडच्याला,
पार भिंतीपर्यंत निरोप जायचा.
भिंतीकडची फरशी गार.
ती सुकुमार मगदूमच्या ताब्यात. तो ती भाड्यानं द्यायचा,
आठवड्याला दोन बंडल बिडी.
आम्हाला माहीत होतं. आम्हाला म्हणजे मला.
रात्रपाळीला मी एकटा,
आणि सुकुमार असला की बराक गप असायची.
गप बराक मला स्वस्त पडायची.

तायाप्पा बंडगर, वय बावीस, तालुका जत.
आरोप विहिरीवरची मोटर चोरल्याचा.
तारखा चौदा, कोर्टाचं तोंड पाहिलं तीनदा.
बाकी वेळा न्यायला पोलीस नव्हते:
गणपतीचा बंदोबस्त, इलेक्शन, कृष्णेचं पाणी चढलेलं.
'आज नाही रे' हे सांगायचं काम माझं.
पहिल्यांदा तो 'का?' म्हणाला.
पाचव्यांदा 'बरं' म्हणाला.
अकराव्यांदा काहीच म्हणाला नाही,
मला वाटलं, पोरगं रुळलं.

त्या मंगळवारी त्याची आई पहिल्या एसटीनं आली.
आधारकार्डावर कोंडाबाई, आमच्या रजिस्टरात कोंडव्वा.
मुलाखत नामंजूर.
घरच्या भडंगाची पिशवी ती गेटवर ठेवून गेली.
आत न्यायची परवानगी नव्हती,
म्हणून आम्हीच खाल्लं, चहाबरोबर.
लसूण चांगला परतलेला होता.

रात्री दोनला सुकुमार एवढंच म्हणाला,
'ए, पाय काढ.'

चमचा होता. जेवणाचा.
दांडा फरशीवर घासून घासून टोक काढलेला.
तीन आठवडे तो आवाज मी ऐकत होतो,
उंदीर असेल म्हणत होतो.

सिव्हिलकडे जाताना गाडीत
सुकुमारनं माझं मनगट धरलं होतं.
'माझी जागा कुणाला देऊ नका,' म्हणाला.
टिळक चौकाच्या आसपास पकड सुटली.

साहेबांनी विचारलं, हत्यार आत आलं कुठून?
काय सांगणार.
दिवसातून दोनदा आम्हीच वाटत होतो, ताटाबरोबर.

मोटरीच्या केसमधून तायाप्पा पुढं निर्दोष सुटला.
निकालाला तो हजर नव्हता,
न्यायला पोलीस मिळाले नाहीत.

आता मी हरिपूर रोडला राहतो. खोलीत दोन पंखे.
ऐसपैस पलंगावर रात्री कूस बदलताना
अजून तोंडातून जातं, 'वळतोय बरं का.'
बायको विचारते, कुणाला सांगताय?