विरजण

शिवाजीनगरला, दुसऱ्या मजल्यावर,
अठ्ठावीस अंशांच्या खोलीत मी त्यांना वाढवते.
फ्लास्क रात्रभर गरगरतात.
सकाळी पाणी गढूळलं असलं
की रजिस्टरात लिहायचं : वाढ चांगली.
एका थेंबात अख्ख्या पुण्याहून जास्त वस्ती,
आणि साखर संपेपर्यंत
सगळे गुण्यागोविंदाने.

मग लिग्नाइटच्या भुकटीत कालवून
पाव किलोच्या पाकिटात.
रायझोबियम. वाटाण्यासाठी. थंड जागी ठेवा.
हे शेवटचं वाक्य नीट छापलंय ना
ते मीच तपासते,
म्हणून पुढचं सांगायला जीभ अडते.

दिव्याच्या कोंडाबाई झेंड्यांनी
पाकीट फोडलं, हुंगलं,
चिमूटभर बोटांत चोळलं.
"पैसे घेऊन कोळसा दिलास गं."
मी म्हटलं, जिवंत आहे.
"मग हलत का नाही?"

तरी गूळ उकळला, पाणी निवू दिलं,
गोणपाटावर बियाणं पसरून
हलक्या हाताने काळं केलं,
लेकराला तीट लावावी तसं,
पण दाण्यादाण्याला.
अंजिराच्या सावलीत वाळवलं.
युरियाची गोणी ओट्यावर टेकून उभी होती,
पंगतीला अजून कुणी बोलवेना
अशा पाहुण्यासारखी.

दीड महिन्याने गेले.
त्यांनी एक रोप अलगद उपटून
बादलीत मुळं खळबळली.
गाठी. मोहरीएवढ्या, काही ज्वारीएवढ्या.
नखाने एक फोडली :
आतून गुलाबी, तान्ह्याच्या हिरडीसारखी.
"गुलाबी म्हणजे कामावर आहेत," मी म्हटलं.
"हवेतला नत्र धरतात, रोपाला देतात."
"आणि पांढरी असली तर?"
"मग नुसत्याच जेवतात."
"आमच्याकडं पण आहेत तसले," म्हणाल्या,
आणि घराकडे बघितलं.

मग बोट केलं रस्त्याकडेच्या आठ ओळींकडे.
पिवळ्या. खुरटलेल्या.
"ते तू नंतर आणून दिलेलं पाकीट."

मला माहीत होतं कुठलं.
हडपसरला भाचीचा साखरपुडा,
दसऱ्यानंतरचं ऊन,
स्कूटरची डिकी, दोन तास.
अठ्ठावीस अंशांत वाढलेली माझी पोरं
त्या पत्र्यात शिजली असणार
आणि मी वर आइस्क्रीम खात होते.

सांगितलं सगळं.
कोंडाबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
"म्हणजे मढी पेरलीस माझ्या रानात."

मग घमेलं आणलं.
हिरव्या ओळींतली, मुळांजवळची माती
खुरप्याने काढून काढून भरली.
"विरजण नासलं की काय करतेस?
शेजारणीकडून आणतेसच ना?"

मला म्हणायचं होतं :
उशीर झालाय, मुळं जुनी झालीत,
याला पुरावा नाही.
घमेल्याची दुसरी कड धरली.

आठांपैकी पाच ओळी सावरल्या.
मातीने, की त्यांच्या मुलाने
रात्री गुपचूप टाकलेल्या दोन ओंजळी युरियाने,
मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.
तीन तशाच राहिल्या, वठल्या.
गोणी मात्र पाऊण उरली.
तिच्यावर बसून कोंडाबाई शेंगा सोलत होत्या.

निघताना एक मूळ ओल्या फडक्यात गुंडाळून दिलं.
"हे तुझ्याकडं लाव."
बसमध्ये डबा मांडीवर,
ऊन बाजू बदलेल तशी मी जागा बदलत आले.
कंडक्टर म्हणाला, ताई, काय आहे एवढं?
म्हटलं, दही.

चौथ्या दिवशी काचेच्या बशीत उठल्या
सायीच्या थेंबांसारख्या वसाहती,
पांढुरक्या, ओलसर, गोल.
साहेबांचा नियम आहे नमुन्याला आकडा द्यायचा.
मी पेन्सिलीने बारीक लिहिलं :
कोंडाबाई, दिवे.

आणि खाली, रजिस्टरात बसत नाही तरी,
विरजण लागलं.