बर्न्ली, रील चार

एल्सी पिकप, वय एक्याण्णव, बोलते आहे.
तिच्यामागे फ्रिज घुरघुरतो.
काल तो काढला,
तांदळातला खडा निवडावा तसा,
तर स्वयंपाकघरच मेलं.
परत घातला. थोडा.

मागांपाशी मात्र हात सैल सोडला होता:
संग्रहालयातल्या यंत्रांचे अठरा ट्रॅक,
धोटा डाव्या स्पीकरातून उजव्यात,
जाळी थरथरेल इतका.
दिग्दर्शक खूश.

आज एल्सी स्टुडिओत आली,
कोट न काढताच बसली.
संपल्यावर म्हणाली,
"हे तुला ऐकू येतं, पोरा.
आम्हाला कुठलं?
आम्ही ओठ वाचायचो.
आणि आवाज, तो इथं,"
तिनं बुटाची टाच फरशीवर आपटली.

ती गेल्यावर सतरा ट्रॅक बंद केले.
एक ठेवला, चाळीस हर्ट्झच्या खालचा,
कानाला नाही,
तळपायाला कळेल असा.

वर, जुन्या फितीत,
दोन विणकरणी मागाआडून एकमेकींना
काहीतरी सांगतात, मोठ्ठं तोंड करून.
मी ते दृश्य शंभरदा पाहिलं असेल,
लाटेवर लाट जुळवत.

काय सांगतात, विचारायचं राहूनच गेलं.
एल्सीला कळलं असणार:
नेमकी तिथंच
ती गालात हसली होती.